पेपर एक सकाळी, पेपर दोन दुपारी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

टीईटीचे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे, दोघांचेही फॉर्म एकदाचे भरून झाले. माझा पेपर १, पहिली ते पाचवीचा. यांचा पेपर २, सहावी ते आठवीचा. परीक्षा २३ नोव्हेंबरला.

१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्या रात्री आमच्या केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर कुणी झोपलंच नसावं. सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पाचपेक्षा कमी उरली असेल तर सूट, पण पदोन्नती नाही. आमच्या मोठ्या बाईंची तीन वर्षं उरलीत, त्या सुटल्या. आम्ही नवरा-बायको मात्र एका फटक्यात सापडलो.

मी २०१० च्या सीईटीतून शिक्षणसेवक म्हणून लागले. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली २०१३ मध्ये. वहिनींना फोनवर हे सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेस, तुला कसली भीती?" भीती परीक्षेची नाही. १५० प्रश्न, अडीच तास, चुकलं तरी गुण कापत नाहीत, ९० पडले की सुटलो. पण थोरला सहा वर्षांचा, धाकटी तीनची, सासूबाई दिरांकडे पनवेलला, आणि सकाळी साडेपाचला उठून डबे. यात वाचायचं कधी ते वहिनींनी सांगावं.

१२ ऑक्टोबर, रविवार

बालमानसशास्त्र काढलं. ३० गुणांचं आहे आणि डीएडला आपलं पाठ होतं म्हणून आधी तेच. पियाजे, वायगॉटस्की, कोहलबर्ग हे मानसशास्त्रज्ञ, थॉर्नडाइकचे शिकण्याचे तीन नियम. डीएडला मी हे घडाघडा म्हणायचे. तेव्हा मूल फक्त पुस्तकात भेटायचं. आता गाईडमधलं एक वाक्य वाचेपर्यंत मूल येऊन त्याच गाईडवर बसतं.

दुपारी पियाजेची दुसरी अवस्था वाचत होते, दोन ते सात वर्षं. वस्तूचा आकार बदलला तरी तिचं प्रमाण तेवढंच राहतं, हे या वयात मुलाला उमगत नाही. पुस्तकात उंच आणि बुटक्या पेल्यांतलं पाणी आहे. आमच्याकडे चपाती होती. धाकटीला "अजून एक" हवी होती. मी ताटातलीच घेऊन चार तुकडे केले. "चार झाल्या!" म्हणून ती खूश. थोरला उसळला. "मम्मी, तू तिला फसवतेस, ती एकच आहे!" म्हणजे सात पूर्ण व्हायच्या आधीच हा पुढच्या अवस्थेच्या उंबऱ्यावर. मला इतका आनंद झाला की समासात त्याचं नाव लिहिलं. मग त्यालाही चार तुकडे हवे झाले.

कोहलबर्ग राहिला.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास होईल असं कुणी म्हटलं की समजावं, या माणसाने घरात कधी चकलीचा सोऱ्या धरलेला नाही. उद्या पहिली आंघोळ. उटणं, फराळाचे डबे, किल्ल्यासाठी माती. किल्ल्याचं काम यांनी घेतलं आणि पोरांना दोन तास बाहेर ठेवलं, हे लिहून ठेवायला हवं. त्या दोन तासांत करंज्या झाल्या. गणित नाही झालं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बरेच दिवस मनात आहे ते आज लिहिते.

हे आतल्या खोलीत अभ्यासाला बसतात. दार लोटतात. दोन्ही पोरं दारापर्यंत जातात आणि परत येतात. थोरला धाकटीला दटावतो, "पप्पांचा अभ्यास चाललाय." मी स्वयंपाकघरात पाटावर बसते, कारण कुकर लावलेला असतो. तर पोरांच्या लेखी मम्मी अभ्यास करत नसते, मम्मी इथे असते. पाणी दे. धुवून दे. ही बघ मला चावली. यांच्या दाराला कडी नाही, नुसतं लोटलेलं असतं, तरी पोरं ढकलत नाहीत. माझ्या समोर भिंत उभी केली तरी चढून येतील.

हे कुणी शिकवलं त्यांना? यांनी तर नाही. उलट हे दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन विचारतात, "मी घेऊ का पोरांना?" विचारतात हीच गंमत. मला कुणाला विचारता येत नाही, कारण माझ्याकडे ती आधीच असतात.

रात्री बोलले. आवाज चढला नाही, पोरं झोपली होती. ते म्हणाले, "तू आतल्या खोलीत बस, मी कुकर लावतो." बसून पाहिलं. दहा मिनिटांत धाकटी दार ढकलून मांडीवर. ते मागोमाग तिला उचलायला आले, तिने खोली डोक्यावर घेतली. घरात मी असेन तिथे माझा अभ्यास होणार नाही, हे दोघांनाही पटलं. तेव्हा घराबाहेर जाणं आलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुटल्यावर वर्गातच थांबते. हे त्यांच्या शाळेतून परस्पर पोरांना मावशींकडून घेऊन घरी जातात, भात लावतात, आणि मी सातपर्यंत येते. मधले दोन तास माझे. तिसरीच्या बुटक्या बाकावर गुडघे दुखतात, पण फळ्यावर सूत्रं लिहून ठेवता येतात. घराच्या भिंतीवर लिहिलं असतं तर धाकटीने त्याखाली मोर काढला असता.

पहिल्या दिवशी शेजारच्या वस्तीवरची आजी डोकावली. "बाई, अजून हितंच? भांडण झालं काय?" परीक्षा आहे म्हटलं तर हसली. "मास्तरणीची पण परीक्षा?" आता कधी कधी चहा घेऊन येते. गावात ही बातमी पसरली आणि माझ्याच वर्गातला एक पोरगा मधल्या सुट्टीत विचारून गेला, "बाई, तुम्हाला नापास करता येतं का?"

येतं रे बाबा.

मराठी आणि परिसर अभ्यासाला तसा वेळ लागत नाही, ते रोजचं आहे. इंग्रजीला लागतो. गणित सोपं आहे पण हात मंदावलाय, आपण पाढे घेतो ते पोरांच्या वेगाने. सगळ्यात जास्त चिडचीड होते ती अध्यापनशास्त्राच्या प्रश्नांनी. "वर्गात एक मूल वारंवार लक्ष विचलित करते. शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल?" चार पर्यायांत एक हमखास शहाणा: त्याच्या वर्तनामागील कारण समजून घेईन. डोळे मिटून टिक करावी. त्या प्रश्नातल्या शिक्षकाची कधी झोपमोड झालेली नसते, त्याच्या घरी कुणाला ताप नसतो, आणि त्याला त्याच दिवशी पोषण आहाराची माहितीही भरायची नसते. तरी उत्तर तेच बरोबर, हेही मला ठाऊक आहे. आणि शाळेत मी बहुतेक वेळा तसंच वागते. घरी आल्यावर मात्र त्यातला चौथा पर्याय बरोबर वाटतो, जो कुणीच निवडत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

धाकटी चपला घालताना पुटपुटते. "हा पाय इकडे, पट्टा वर, नाही नाही, उलटी." वायगॉटस्की म्हणतो, मूल असं मोठ्याने बोलून स्वतःच्या कृतीला वळण लावतं, पुढे हेच बोलणं आत जातं आणि विचार होतं. पियाजेला ते नुसतं आत्मकेंद्री बोलणं वाटलं होतं. या फरकावर प्रश्न हमखास येतो असं सगळे सांगतात. भाकरी थापताना मी तोच फरक पुटपुटत होते, तर थोरला म्हणाला, "मम्मी, कुणाशी बोलतेस?" म्हणजे माझं अजून आत गेलेलं नाही.

नगरपरिषद निवडणुकीची ड्युटी लागणार, असं शाळेत सगळे धरून चाललेत. मतदान २ डिसेंबरला. परीक्षेनंतर आहे एवढं पुरे.

२३ नोव्हेंबर, रविवार

दहिवडीहून पहाटे निघालो. धाकटीला घरी ठेवायला कुणी नव्हतं आणि थोरला एकटा राहत नाही, म्हणून चौघंही. साताऱ्यात माझा पेपर साडेदहा ते एक, यांचा अडीच ते पाच. केंद्रं वेगळी, पण रिक्षाने जवळ. मधल्या दीड तासात पोरांची अदलाबदल, जेवण आणि यांचं आत जाणं बसवायचं होतं.

केंद्राबाहेर आमच्यासारखे कितीतरी. कडेवर तान्हं मूल घेतलेले बाप, हॉलतिकीट तोंडात धरून पोराला शू करायला नेणारी बाई, एक सासरे नातवाला घेऊन झाडाखाली सतरंजीवर. या सगळ्यांना शिकवण्याचा दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांचा अनुभव असेल. माझ्या मते अनुभव तपासायचा तर वर्गात येऊन तपासावा. पण कायदा कायदा आहे, आणि आज तरी वाद घालायची जागा नव्हती.

पेपर बरा गेला. वायगॉटस्की पुटपुटला होता तेवढा आठवला. गणितात दोन प्रश्न अंदाजाने. बाहेर आले तर धाकटी यांच्या खांद्यावर झोपलेली आणि थोरला तक्रार घेऊन तयार: "पप्पांनी फक्त एकच वडापाव दिला." यांनी पोरगी माझ्या खांद्यावर दिली, पाण्याची बाटली घेतली आणि रिक्षाकडे पळाले. "कसा गेला?" एवढंही विचारलं नाही. विचारायला वेळच नव्हता.

मग पाच वाजेपर्यंत मी. राजवाड्यासमोरच्या बागेत घसरगुंडी, भेळ, धाकटीचे कपडे एकदा बदलले. थोरल्याने विचारलं, "आता पप्पा पास होणार की तू?" म्हटलं, दोघं. "आणि एकच झालं तर?" मी त्याला अजून एक भेळ घेऊन दिली.

येताना गाडीत हे म्हणाले, गणित-विज्ञानाचे ६० प्रश्न लांबलचक होते, शेवटचे दहा भरभर गोल केले. माझी बरोबर उत्तरं मी ८५ च्या पुढे मोजलीच नाहीत. मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे, तोवर अजून परीक्षा होतीलच, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबरही आहे.

घरी पोचलो तर शेजारच्या केंद्रातल्या बाईंचा मेसेज: "तुमची परीक्षा झाली ना, गाईड देता का? मला पुढच्या वेळी बसायचंय." नाही म्हणून कळवलं. आधी निकाल लागू दे.