लोखंडी नांगर आणि माणसांचा विश्वास

आमच्या सांगली जिल्ह्यातील एखाद्या संस्थेत नवी संगणक प्रणाली आली, की ‘जुनी माणसे बदलायला तयार नसतात’ ही तक्रार हमखास ऐकू येते आणि ती मला अन्यायकारक वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगरही शेतकऱ्यांनी सुरुवातीला नाकारले होते, कारण लोखंडाने जमीन नासते अशी त्यांची समजूत होती. वर्षभराचे पोट ज्या जमिनीवर अवलंबून आहे, तिच्याबाबत अशी सावधगिरी बाळगणे हा हटवादीपणा नव्हे. पुढे १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी ही त्यांच्या कारखान्याची वसाहत वसली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. माझ्या मते हा निर्णय कोणत्याही यंत्राइतकाच धाडसी होता.

बदलापूर्वी जुनी घडी सैल करावी लागते, असे मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये मांडले. आपल्याकडे नेमका हाच टप्पा गाळून थेट परिपत्रक निघते. वीस वर्षे खतावणी सांभाळणाऱ्या लिपिकाला ‘माझे काम राहील का?’ हे विचारायचे असते. त्याचे स्पष्ट उत्तर प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसाआधी, व्यवस्थापकाने समोर बसून द्यायला हवे.