तुम्ही विचारलंत म्हणून: ते चित्र मी वर्गात का दाखवते

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँच्याच सांगण्यानुसार तेहामाना, म्हणजे चित्रातली मुलगी आणि ताहिती बेटावरची त्याची जोडीदार, जेमतेम तेरा वर्षांची होती, तरीही त्याचे ‘मनाओ तुपापाऊ’ हे चित्र तुम्ही वर्गात का दाखवता, असे मला पालक विचारतात, सहकारी विचारतात आणि आता माजी विद्यार्थीही विचारू लागले आहेत. तिचे वय मी कधीही लपवलेले नाही, हे आधी स्पष्ट करते.

1892 साली ताहितीत जाड तागाच्या कापडावर रंगवलेले हे चित्र टाळून प्रतीकवाद, म्हणजे दृश्याच्या नकलेपेक्षा भाव आणि कल्पना सुचवणारी कलाचळवळ, शिकवता येईल, असे मला आजही वाटत नाही. बिछान्यावर पालथी पडलेली विवस्त्र मुलगी, तिच्या पायथ्याशी काळ्या वस्त्रातली प्रेतात्म्याची आकृती, जांभळ्या अंधारात लुकलुकणारी हिरवट फुले. आणि अंथरलेल्या सालीच्या कापडाचा पिवळा रंगच दिव्याचा उजेड सुचवतो म्हणून दिवा रंगवण्याची गरज उरत नाही, हा खुद्द चित्रकाराचा खुलासा. पूर्वी माझे विवेचन येथे संपत असे.

एकदा मागच्या बाकावरची, एरवी अबोल असलेली एक विद्यार्थिनी मध्येच म्हणाली, “मॅडम, भूत तर तिच्या मागे आहे. मग ती घाबरून आपल्याकडे का बघतेय?” मी ताहितीतल्या भुताखेतांच्या समजुती सांगू लागले. तिने मला थांबवले. “दारात तोच उभा होता ना?” एवढे बोलून तिने वही मिटली, ती वर्गाबाहेर गेली आणि त्या सत्रात माझ्या तासाला पुन्हा आली नाही.

रात्री उशिरा घरी परतलेल्या आपल्यालाच तेहामानाने भूत मानले असावे, असे गोगँने ‘नोआ नोआ’ या ताहितीवरच्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. ते वाक्य मी दरवर्षी वर्गात वाचत असे, पण वातावरणनिर्मितीचा नमुना म्हणून. तेव्हाची मी म्हणेन की चित्राला चित्र म्हणूनच पाहावे. तिला आजही मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही, कारण ती भीती आपल्यापर्यंत पोहोचते ती याच रंगरेषांतून.

मात्र या चित्राची जन्मकथा गोगँने आपल्या मुलीसाठी, पंधराच्या आसपास वय असलेल्या आलीनसाठी, केलेल्या वहीत लिहिली, आणि शेवटी म्हटले की हे कारणे विचारणाऱ्यांसाठी आहे, एरवी हा केवळ एक नग्नाभ्यास आहे. हे ‘एरवी’ मला मान्य नाही. चित्र झाकले तर त्या मुलीची नजरही झाकली जाईल, म्हणून मी ते दाखवते. ज्यांना पाहायचे नसेल त्यांनी बाहेर जावे, असे आता आधीच सांगते. पण तेवढ्याने तुमचा प्रश्न सुटतो, असे मी म्हणणार नाही.