चार शब्दांना दोन श्वास

रात्री अडीचला बाबांच्या खोलीत दिवा दिसला म्हणून डोकावले. पलंगाच्या कडेला बसले होते, पुढे झुकून, हात गुडघ्यांवर रोवून. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही... तू... झोप." चार शब्दांना दोन श्वास. एरवी राजकारणावर अर्धा तास न थांबता बोलणारा माणूस!

आणि मी काय केलं, तर उशी नीट करून म्हटलं, "जरा आडवे व्हा." त्यांनी माझा हात झटकला. बरोबरच होतं त्यांचं. दम लागलेल्या माणसाला आडवं केलं की त्रास वाढतो. त्याला जसं बसावंसं वाटतं तसंच बसू द्यावं.

श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतेय असं भासवून मनगट धरलं आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत राहिले. ३२. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. प्रत्येक श्वासाला गळ्याशी खळगा पडत होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. ऑक्सिमीटर ९३ दाखवत होता. फोनवर भाऊ म्हणाला, "मग एवढं काही नाही ना?" आकडा तेवढा वाईट नव्हता, बाबा होते. शिवाय बोटं गार पडली की ते यंत्र चुकतं. अँब्युलन्स आधी बोलावली, बाकीचं नंतर.

बाबांना जुना दमा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून त्यांचा नेहमीचा तातडीचा पंप दिला: एक फवारा, चार-पाच श्वास, मग पुढचा. मदत येईपर्यंत असे दहापर्यंत देता येतात, हे डॉक्टरांनी पूर्वीच लिहून दिलेलं. आईनं पाणी आणलं, ते दिलं नाही; ठसका लागला असता.

मग छातीतली सूं-सूं कमी झाली. आई म्हणाली, "बघ, उतार पडला." मलाही तसंच वाटलं. पण बाबा पेंगायला लागले होते, ओठ आतून निळसर. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांची घाई एकदम वाढली. हवाच आत-बाहेर होईनाशी झाली की आवाजही येत नाही, हे त्यांनी नंतर समजावलं.

पाचव्या दिवशी बाबा घरी आले. हल्ली फोनवर मी मुद्दाम लांबलचक उत्तरांचे प्रश्न विचारते आणि ते कुठे थांबतात तेवढं ऐकते. मला अचानक राजकारणाची गोडी लागली, अशी त्यांची समजूत आहे.