सिस्टर कुठाय?

मे महिन्यात नागपुरात इंग्रजी मालिका बघायची तर सबटायटल लागतातच, तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो. कारण कूलर. आमचा एकदा सुरू झाला की कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही, तिथे सिएटलचे सर्जन ओठातल्या ओठात काय पुटपुटतात ते कुठून कळणार! बाहेर पंचेचाळीस अंश, पडदे ओढलेले, खसचा ओला वास आणि टीव्हीवर पाऊस. त्या गावात बारा महिने पाऊस पडतो की काय कोण जाणे. हातात पन्ह्याचा ग्लास घेऊन मी तो पाऊस बघत बसते.

मालिका म्हणजे ‘ग्रेज ॲनाटॉमी’. अमेरिकेत तिचा पहिला भाग लागला २७ मार्च २००५ ला. मी बघायला लागले कॉलेजात असताना, स्टार वर्ल्डवर, आवाज बारीक करून. इंग्रजी मालिकेत केव्हा काय दिसेल याचा भरवसा नाही, असं बाबांचं मत होतं. (भरवसा नव्हताच. त्या दवाखान्यातल्या ऑन-कॉल रूममध्ये झोपायला म्हणून गेलेलं माणूस मी क्वचितच पाहिलंय.) तेव्हापासून माझं शिक्षण संपलं, लग्न झालं, दोन नोकऱ्या झाल्या, मुलगी पाचवीत गेली, बर्डीवरून मेट्रो धावायला लागली, आणि ही बया अजून सुरूच आहे. ‘ईआर’ या आधीच्या डॉक्टरी मालिकेचे पंधरा सीझनमध्ये ३३१ भाग झाले होते. २०१९ साली हिचा ३३२वा भाग लागला आणि अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेतली सगळ्यात लांबलेली डॉक्टरी मालिका ही ठरली. आता चारशेच्याही पुढे गेलीय. दवाखान्याचं नावसुद्धा बदललं, सिएटल ग्रेसचं ग्रे स्लोन मेमोरियल झालं. सुरुवातीच्या पाच इंटर्नपैकी उरली ती एकटी नायिका मेरेडिथ, आणि तीही आता माहेरवाशिणीसारखी अधूनमधून डोकावून जाते.

मी या मालिकेची भक्त आहे म्हणजे मला ती पटते असं नाही. मी तिच्याशी भांडते. तिथले लेखक माणसं इतक्या सहज मारतात की जीव लावायचीच भीती वाटते. २०१५ साली त्यांनी मेरेडिथच्या नवऱ्याला, डेरेक शेफर्डला मारलं. रस्त्यावरच्या अपघातात चार जणांना वाचवून हा निघाला, आणि त्यालाच ट्रकने उडवलं. मेंदूचा एवढा मोठा सर्जन एका छोट्या दवाखान्यात पडलाय, माझ्या डोक्याचा सीटी काढा एवढं त्याला सांगायचंय, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. दुसऱ्या दिवशी माझे डोळे सुजलेले. साहेबांनी विचारलं, “घरी सगळं ठीक ना?”

मी म्हटलं, “एक जण गेले सर.”

“अरेरे. कोण?”

“मेंदूचे डॉक्टर होते.”

“धंतोलीतले का?”

यावर काय सांगणार? हो म्हटलं. साहेबांनी लवकर घरी जाऊ दिलं.

असं सगळं माझं एकटीचं छान चाललं होतं. गेल्या उन्हाळ्यात आत्या आली. रामदासपेठेत गुडघा बदलून घेतला आणि दीड महिना आमच्याकडे राहिली. आत्या चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती, शेवटची बारा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी तिच्या गल्लीत तिला कोणी नावाने हाक मारत नाही. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांची ती सिस्टर. वॉकर शेजारी उभा, पाय उशीवर, समोर टीव्ही. तिच्या निमित्ताने मी पहिल्या सीझनपासून पुन्हा सुरू केलं.

दहा मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “सिस्टर कुठाय?”

“कुठली सिस्टर?”

“यांची! वॉर्डात एकही सिस्टर दिसून नाही राहिली.”

मी नीट बघितलं. इतकी वर्षं बघत होते आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रक्त डॉक्टर काढतोय. सलाईन डॉक्टर लावतोय. ट्रॉली ढकलत सीटीला डॉक्टरच नेतोय, ड्रेसिंग डॉक्टर बदलतोय, आणि रात्री दोन वाजता पेशंटचा हात धरून बसलाय तोही डॉक्टरच. मागे कुठेतरी निळ्या-गुलाबी कपड्यातली एक बाई फाईल घेऊन जाते, तिला तोंड नाही.

“इंट्राकॅथ लावायला न्यूरोसर्जन!” आत्या म्हणाली. “आमच्याकडे तं सर राऊंडला येईपर्यंत अर्धी बाटली संपलेली राहायची. आणि एवढे डॉक्टर एका पेशंटमागे? या पोट्ट्यांना दुसरं काम नाही का?”

आता मला कूलरपेक्षा आत्याचा आवाज जास्त ऐकू येऊ लागला. कोणाचं हृदय बंद पडलं की ती पुढे सरकून बसायची. “कोपरं कायले वाकवून राहिला? कणीक मळून राहिला का?” तिला कसं सांगणार की समोर झोपलेला नट जिवंत आहे, खरोखर पाच सेंटिमीटर दाबलं तर त्याच्या बरगड्या जातील! मॉनिटरवर सरळ रेषा आली आणि डॉक्टरांनी शॉकची यंत्रं उचलली की ती कपाळाला हात लावायची. सरळ रेषेला शॉक देत नाहीत. छाती दाबत राहायचं, ॲड्रेनलिन द्यायचं. शॉक आहे तो हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तेव्हा, ते थांबवून ताळ्यावर आणायला. हे तिने मला पापड भाजत समजावलं आणि समजावता समजावता तीन जाळले.

“आणि एवढे उठत नाहीत गं,” ती एकदा हळूच म्हणाली. “आमचे नाही उठायचे.”

मी नंतर शोधलं. ‘ईआर’ धरून तीन अमेरिकन कार्यक्रम बघून काही डॉक्टरांनी १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हिशेबच छापला होता: पडद्यावर हृदय बंद पडलेल्यांपैकी ७५ टक्के लोक त्या वेळी वाचले. खऱ्या दवाखान्यात हा आकडा फार खाली असतो, हे आत्याला कुठलंही जर्नल न वाचता माहीत होतं. मी तिला आकडा सांगितला. तिने फक्त “हं” केलं आणि पुढचा भाग लाव म्हणाली.

दुसऱ्या सीझनमध्ये सिएटल ग्रेसच्या नर्सेस संपावर जातात. आत्या एकदम खूश. “म्हणजे आहेत तं!” संपावर गेल्या तेव्हा कुठे दिसल्या, यात तिला काही विशेष वाटलं नाही. आमचंही तसंच होतं, म्हणाली. इंटर्न जॉर्ज ओ’मॅली त्या वेळी आत कामावर जायला नकार देतो, त्याचं घर युनियनवाल्यांचं. तेव्हापासून जॉर्ज तिचा लाडका. मी गप्प. पाचव्या सीझनच्या शेवटी बसखाली चिरडलेला, चेहरा ओळखू न येणारा पेशंट येतो आणि मेरेडिथच्या तळव्यावर बोटाने ००७ (जॉर्जचं चिडवायचं नाव) काढतो, तो कोण, हे मला ठाऊक होतं. मी ते भाग लांबवत राहिले. कधी लाईट गेली म्हणायचं, कधी नेट संपलं. शेवटी तिने माझ्या मुलीला हाताशी धरून बघितलाच. मी ऑफिसातून आले तर दोघी गप्प बसलेल्या आणि पोहे तसेच थंड.

इंटर्न इझी स्टीव्हन्सवरचा तिचा राग मात्र गेला नाही. डेनी नावाच्या पेशंटवर इझीचं प्रेम बसतं. त्याला नवं हृदय हवंय. यादीत त्याचा नंबर वर यावा म्हणून, त्याचं हृदय चालवणाऱ्या यंत्राची वायर ही बाई कापते. मी हा प्रसंग आजवर दहा वेळा रडून बघितलाय. आत्याने रिमोट हिसकावून थांबवलं. “पोलीस केस करा हिच्यावर आधी. आणि नाईटची सिस्टर कुठं होती? मॉनिटर बोंबलला असता, वॉर्ड जागा झाला असता.” डेनी शेवटी गेल्यावर इझी त्याला बिलगून पलंगावर झोपलेली असते. मी डोळे पुसते आहे, आणि आत्या विचारते आहे, बॉडी केव्हा बांधणार.

एकदा मात्र ती काहीच बोलली नाही. एका माणसाच्या छातीत न फुटलेला बॉम्ब आहे आणि एका पोरीचा हात आत आहे, ती हात काढू शकत नाही. २००६ सालचे ते दोन भाग, माझ्या मते मालिकेतले सगळ्यात थरारक. मी आत्याकडे बघत होते, आता ही काय चूक काढते म्हणून. तिने आपला उजवा हात उघडून बघितला, दोन बोटं जुळवली.

“अशी धरली होती मी. मांडीतली नस. ट्रकखाली आलेलं पोरगं होतं, पंधरा-सोळा वर्षांचं. कॅज्युअल्टीतून ओटीपर्यंत, ट्रॉलीसोबत पळत. बोट काढलं असतं तं गेला असता. लिफ्ट वर गेलेली, म्हणून जिन्याने.”

“मग?”

“मग काय. सर आले, क्लॅम्प लावला, मला म्हणाले, सिस्टर, आता सोडा. बोटं सुटूनच नाही राहिली.”

पोरगं वाचलं का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. इतकी वर्षं राखीला, दिवाळीला, लग्नाकार्यांत भेटलेल्या या बाईने हे कधी घरात काढलं नव्हतं. आमच्याकडे तिला आम्ही काय विचारायचो, तर बीपी मोजून दे आणि ही गोळी जेवणाआधी की नंतर.

आणि मग तिला बोकी सापडली.

ऑपरेशनचा कुठलातरी साधा प्रसंग होता, मेरेडिथ आणि शेफर्ड एकमेकांकडे बघत होते. सगळं जग तेच बघत असणार. आत्या म्हणाली, “ही खरी आहे.”

“कोण, मेरेडिथ?”

“ती नाही गं. ही, मास्कवाली, इन्स्ट्रुमेंट देऊन राहिली ती. हात पाहा हिचा.”

मागे नेऊन पुन्हा लावलं. मास्क, टोपी, फक्त डोळे दिसणारी एक बुटकीशी बाई. सर्जनने न बघता हात पुढे केला आणि तिने आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा, त्याच्या तळव्यात चपकन ठेवली. दांडी तळव्याकडे, बाक हाताच्या वळणाने. आत्याने तीनदा बघितलं. नुसतं देऊन चालत नाही, म्हणाली, आवाज यायला पाहिजे, म्हणजे सर्जनला न बघता कळतं की आलं. हलकं ठेवलं तर तो पकडत नाही, पडतं. नटीला हे शिकवून येत नाही.

मी शोधलं, आणि खरंच. ती बोकी ॲन, प्रत्यक्ष आयुष्यात ऑपरेशन थिएटरची नर्स, पहिल्या सीझनपासून या मालिकेत उभी आहे. सर्जन आले, गेले, मेले. ही टेबलाशी हजर, आणि बोलायला एखादं वाक्य मिळालं तर मिळालं.

“काय नाव म्हणाली?”

“बोकी.”

“मांजरीचं ठेवलं का?” आत्या म्हणाली, पण खूश होती. त्यानंतर ओटीचा प्रसंग आला की ती कोण कोणाच्या प्रेमात आहे ते बघायची नाही. कोपऱ्यात बोकी आहे का, एवढंच बघायची. मीही बघायला लागले. सांगायला थोडी लाज वाटते, पण सतरा-अठरा वर्षं त्याच खोलीत उभ्या असलेल्या बाईला मी पहिल्यांदा पाहत होते.

एक तक्रार मात्र तिची शेवटपर्यंत राहिली. पहिल्याच सीझनमध्ये डॉ. बर्कच्या पाच वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा एक टॉवेल पेशंटच्या छातीत सापडतो. सगळे बर्कचं काय होणार या चिंतेत. आत्या म्हणाली, “मोजणी कोणी केली होती?” मॉप, गॉज, सुया, हत्यारं, सुरू करायच्या आधी मोजायची, आत शिवायच्या आधी मोजायची, कातडी शिवताना पुन्हा मोजायची. मोठ्याने. एक कमी आलं तर सर कितीही ओरडले तरी पोट बंद होत नाही. पुढे कुठलंही ऑपरेशन संपत आलं की ती टीव्हीला सांगायची, “मोजा आता.” कोणी मोजायचं नाही. गाणं लागायचं आणि सगळे पावसात बाहेर पडायचे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, कूलरचा पंप बंद पडला. मिस्त्री म्हणाला, परवा येतो. नागपुरात परवा म्हणजे पुढचा जन्म. नवा पंप आणला, स्टूल घेतलं, मागची ताटी काढली. ओढणी डोक्याला बांधून मी अर्धी कूलरमध्ये आणि आत्या खुर्चीवर, मांडीत जुनं ताट, ताटात सगळी हत्यारं रांगेने लावलेली. आत अंधार, वरून थेंब थेंब पाणी. मी न बघता हात मागे केला. “आत्या, पेचकस.”

चपकन तळव्यात मूठ आली. माझी बोटं आपोआप मिटली.

कात्री, पक्कड, सुतळी, पुन्हा पेचकस. एकदाही मान वळवावी लागली नाही. पंप बसला, नळी चढवली, ताटी लावली, खिळे फिरवले. घामाने निथळत मी बटणाकडे हात नेला.

“थांब,” आत्या म्हणाली. “मोज आधी.”

“आत्या, कूलर आहे हा.”

“पेचकस एक,” तिने ताटातून उचलून दाखवला. “कात्री एक. सुतळी एक. पक्कड?”

पक्कड ताटात नव्हती. स्टुलाखाली नव्हती, खिडकीत नव्हती, ओढणीतही नव्हती. मी कूलरकडे बघितलं.

“उघड,” आत्या म्हणाली.