पेनड्राइव्हमधलं लिनक्स आणि वाचनालयाची सहा मशीनं

आमच्या वाचनालयात सहा कॉम्प्युटर आहेत. एका संस्थेने आठ वर्षांपूर्वी आपली जुनी मशीनं बदलली तेव्हा ती आम्हाला मिळाली. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यावर फॉर्म भरतात, पेपर वाचतात, निवृत्त मंडळी मराठीत पत्रं टाइप करतात. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमच्या मशीनांना तो रस्ता बंद. ‘ब’ वर्गाच्या तालुका वाचनालयाने अनुदानातून सहा नवीन मशीनं घ्यायची हा विषय कार्यकारिणीत निघालासुद्धा नाही.

मी गेली बावीस वर्षं डीटीपी करते आणि घरी बरीच वर्षं लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी फुकट, खुली सिस्टिम, वापरते. त्यामुळे अध्यक्षांनी “ताई, तुम्हीच बघा” म्हटल्यावर माझ्या डोक्यात मिंट पक्कं होतं. एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यायची, चार जीबीत ती नीट चालते.

तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी याच वाचनालयाच्या बालविभागात बसून पुस्तकं वाचायचा. त्याने मिंट घेऊन त्यात स्वतःचे बदल करून एक वेगळं लिनक्स तयार केलं होतं, मराठी माणसांसाठी. म्हणाला, “काकू, सहाही मशीनवर हे टाका. मागून काहीच करायला लागणार नाही. सगळं आधीच आहे.”

मी ते माझ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरूनच चालू करून बघितलं, आणि खरं सांगते, मन हरखलं. डेस्कटॉप उघडल्याबरोबर मेन्यू मराठीत. टायपिंगला इनस्क्रिप्ट हा सरकारी लेआउट होताच, पण उच्चाराप्रमाणे टाइप करायचा गमभनचा लेआउटही होता. मनोगत-मिसळपाव या मराठी संकेतस्थळांच्या काळापासून ज्यांची बोटं त्यावर बसली आहेत त्यांना त्याची किंमत कळेल. गमभन लिनक्सवरच्या एम-१७-एन या कीबोर्ड लेआउटच्या संग्रहात पूर्वीपासून आहे, पण तो शोधून चालू करणारं कोणीतरी लागतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ‘ल’ आणि ‘श’.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. देवनागरी फाँट बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दाखवतो. मराठीचा ‘ल’ पाकळीचा, ‘श’ देठाचा. राज्य शासनाच्या २०२२च्या निर्णयातही तीच रूपं आहेत. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सिस्टिमने फाँटला सांगावं लागतं, तेव्हा तो मराठी रूप पुढे करतो. या मुलाने ते सगळीकडे बसवलं होतं. फाइल मॅनेजरमध्ये ‘लेख’ नावाचा फोल्डर होता, त्यातला ‘ल’ पाकळीचा. मी स्क्रीन मोठी करून बघितली. अकरा इंची नेटबुकच्या काळापासून मी हे हाताने करत आलेय, एकेका प्रोग्रॅममध्ये शिरून, आणि इथे ते पहिल्या मिनिटाला समोर होतं.

त्या रात्री मी जवळपास ठरवून टाकलं होतं की हेच बसवायचं.

सकाळी चहा घेताना एक साधी गोष्ट मनात आली. हे माझ्या घरचं मशीन असतं तर काल रात्रीच बसवलं असतं. पण वाचनालयात मुलं आधार नंबर टाकतात, परीक्षेची फी भरायला बँकेचा पासवर्ड टाकतात, एक आजोबा पेन्शनचं काम करतात. त्यांना कोणी विचारलं नाही की या मशीनवर काय आहे. ते आमच्यावर विसंबून टाइप करतात. म्हणून ठरवलं, आत काय आहे ते उघडून बघायचं.

अनधिकृत म्हणजे वाईट, असं माझं मत अजिबात नाही. माझ्याजवळच्या जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीवर चालत नव्हतं, कारण त्याचं फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) मुक्त नव्हतं आणि डेबियन आपल्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे सिस्टिम बसवायच्या फाइलमध्ये, ते ठेवत नसे. तेव्हा मी ‘अनऑफिशियल’ असं स्पष्ट लिहिलेली इमेज उतरवून बसवली होती. ती डेबियनच्याच सर्व्हरवर होती आणि डेबियनच्याच माणसांनी बनवली होती. पुढे २०२२मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून ते फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच आलं. मिंटचंही तसंच. २००६मध्ये सुरू झालं ते उबुंटू या लिनक्सवर कोणीतरी केलेले बदल म्हणूनच. उबुंटू युनिटी आणि उबुंटू सिनॅमन ही दोन्ही आधी बाहेरच्यांनी केलेली रीमिक्स होती, नंतर अधिकृत परिवारात आली. म्हणजे लिनक्सच्या जगात आजचं अनधिकृत उद्या अधिकृत होऊ शकतं, आणि हे मला मनापासून आवडतं.

आणि अधिकृत म्हणजे सुरक्षित, असंही डोळे मिटून म्हणता येत नाही. २० फेब्रुवारी २०१६ला मिंटचीच वेबसाइट फोडली गेली आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक मागचं दार ठेवलेल्या इमेजकडे वळवली होती. त्या दिवशी ज्यांनी ती उतरवून बसवली, त्यांच्या मशीनमध्ये तो किडा गेला. पण दुसऱ्याच दिवशी मिंटवाल्यांनी स्वतः जाहीर केलं, काय झालं, कुठली आवृत्ती, कशी ओळखायची, सगळं. मार्च २०२४मध्ये एक्सझेडची भानगड झाली. कित्येक लिनक्समध्ये असणाऱ्या, फायली दाबून लहान करणाऱ्या त्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमवून मागचं दार बसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो मागे लागला आणि सापडलं. ज्या गोष्टीकडे हजारो डोळे आहेत तिच्यात असं काही झालं तर कोणीतरी बघतं. पेनड्राइव्हमधल्या लिनक्सकडे किती डोळे होते? त्या मुलाचे दोन, आणि आता माझे.

तर बघायला बसले. हे काम वाटतं तितकं अवघड नाही. मिंटची किंवा उबुंटूची इमेज म्हणजे एक डबा असतो. त्यात ‘कॅस्पर’ नावाचा फोल्डर असतो, त्यात दाबून भरलेली अख्खी सिस्टिम आणि तिच्या शेजारी मॅनिफेस्ट, म्हणजे आत असलेल्या प्रत्येक पॅकेजची यादी. मी मिंटच्या साइटवरून त्याच आवृत्तीची मूळ इमेज उतरवली, तिची सही तपासली (नुसता चेकसम, म्हणजे फाइल ताडून बघायचा आकडा, नव्हे; जिथून इमेज घेतली तिथूनच चेकसम घेतला तर दोन्ही एकाच चोराने बदललेले असू शकतात), आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून फरक काढला. डीटीपीत प्रुफं ताडून बघतो तसं.

जास्तीची पॅकेजं शंभराच्या वर होती. बहुतेक फाँट, भाषेची पॅकेजं, व्हीएलसी, दोनचार खेळ. गायब होती ती नऊ. त्यातलं एक मिंटचा अपडेट मॅनेजर.

मी ते नाव दोनदा वाचलं. अपडेट मॅनेजर नाही म्हणजे खालच्या पट्टीवर अपडेट आल्याचं सांगणारी ढाल दिसणार नाही, आणि आमच्या ग्रंथपाल बाईंना मी जे एकच काम शिकवणार होते, ढालीवर ठिपका दिसला की क्लिक करायचं, ते करता येणार नाही. ब्राउझरमधली भोकं बुजवणारे पॅच कोणी हाताने मागवल्याशिवाय येणारच नाहीत.

मग सिस्टिम उलगडून आत गेले. अपडेट आणि पॅकेजं कुठून घ्यायची हे सांगणाऱ्या फायली एका फोल्डरमध्ये असतात. मिंटच्या मूळ फाइलशेजारी तिथे आणखी चार होत्या. तीन पीपीए, म्हणजे उबुंटूसाठी बाहेरच्यांनी ठेवलेली पॅकेजांची भांडारं, त्यातलं एक पाच वर्षं जुन्या उबुंटूसाठीचं. चौथी फाइल एका ओळीची होती. कुठल्यातरी फुकट होस्टिंगवरचा पत्ता, साधं, कुलूप नसलेलं एचटीटीपी, आणि चौकटी कंसात ‘ट्रस्टेड बरोबर येस’. याचा अर्थ असा, की या पत्त्यावरून येणाऱ्या पॅकेजची सही तपासू नकोस, जसं येईल तसं घे. आणि पॅकेज बसताना त्याच्याबरोबरच्या स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांच्या याद्या, रूट म्हणून, पूर्ण अधिकाराने चालतात. म्हणजे तो फुकटचा पत्ता उद्या त्या मुलाने सोडला आणि दुसऱ्या कोणी घेतला, तर आमच्या सहाही मशीनवर त्याची सत्ता. साधं एचटीटीपी असल्याने पत्ता घ्यायचीही गरज नाही, मधल्या वाटेवर बसलेल्यालाही ते जमेल.

आणखी एक होतं. नवीन युजर बनवताना ज्या फोल्डरची नक्कल होते, त्यात लपलेला एसएसएचचा फोल्डर होता आणि त्यात एक किल्ली. किल्लीच्या शेवटी त्या मुलाच्या लॅपटॉपचं नाव. एसएसएच सर्व्हरही चालू. म्हणजे वाचनालयात जो जो युजर बनेल त्याच्या खात्यात या मुलाला पासवर्डशिवाय शिरता येणार होतं.

मला वाईट वाटलं, हे लिहायला हवं. राग नाही आला. लहानपणापासून ओळखते त्याला, त्याच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये सिस्टिम बनवताना सारखं आत-बाहेर करायला त्याने किल्ली ठेवली आणि काढायची राहिली. क्युबिकसारखं टूल असलं की अशी इमेज एका दुपारीत तयार होते, आणि बनवणाऱ्याच्या टेबलावरचा सगळा पसारा तिच्यात जसाच्या तसा जातो. पण त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तर? तो नोकरीला लागून बेंगळुरूला गेला, आणि २०२९पर्यंत जे अपडेट यायला हवेत ते त्याच्या एकट्याच्या फुरसतीवर राहिले तर?

त्याला घरी बोलावलं. कांदेपोहे केले आणि लॅपटॉप समोर ठेवला. किल्लीची फाइल उघडून दाखवली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आधी म्हणाला, “काकू, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?” मी म्हटलं, “तुझ्यावर आहे रे. पण त्या मशीनवर बसणारी पोरं तुला ओळखत नाहीत, आणि त्यांच्या वतीने विश्वास ठेवायचा अधिकार मला नाही.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “अपडेट मॅनेजर का काढलास?” म्हणाला, जुन्या मशीनवर सुरुवातीला जड जातो, मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून. कारण खोटं नव्हतं. मोजून बघितलं तर काही सेकंदांचा फरक खरंच होता.

त्यानंतर मी त्याच्यापुढे जे मांडलं ते मला आधीच सुचायला हवं होतं. तुझ्या कामातलं सोनं इमेजमध्ये नाही, तू केलेल्या बदलांमध्ये आहे. मूळ मिंट मिंटवाल्यांकडून घेऊ, तिचे अपडेट तेच देतील. तुझे बदल एका स्क्रिप्टमध्ये लिही, जी कोणीही उघडून ओळ न् ओळ वाचू शकेल. भाषेची पॅकेजं, फाँट, ‘ल’-‘श’ची फाँटसेटिंग, गमभन, ब्राउझरचं मराठी, हे सगळं मिंट-उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून किंवा मूळ फाँट बनवणाऱ्यांकडून येऊ दे. मुक्तासारखा फाँट तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्यांचाच आहे आणि खुला आहे, तो दुसऱ्याच्या फुकट होस्टिंगवरून कशाला घ्यायचा?

चार दिवसांनी तो स्क्रिप्ट घेऊन आला. साठेक ओळी, प्रत्येक ओळीवर मराठीत टीप. एक टीप मी जपून ठेवली आहे: ‘इथे भाषा मराठी सांगितली नाही तर ल हिंदी दिसतो.’ त्या साठ ओळींत त्याची अख्खी करामत मावली होती, आणि चार जीबीच्या इमेजमध्ये जे मला शोधावं लागलं ते इथे डोळ्यांसमोर होतं. एक ओळ मी बदलायला लावली, कारण ती एका जुन्या पीपीएवर अवलंबून होती. बाकी जशीच्या तशी.

रविवारी दोघांनी मिळून मशीनं केली. मूळ मिंट बसवायचं, अपडेट पूर्ण करायचे, मग स्क्रिप्ट चालवायची. पहिल्या मशीनला दीड तास लागला, पाचव्याला पाऊण. ग्रंथपाल बाईंना ढाल दाखवली. पेन्शनवाले आजोबा सोमवारी आले, मोठ्या अक्षरात पत्र टाइप करायला लागले आणि थोड्या वेळाने मला हाक मारून म्हणाले, “हे छापील पुस्तकासारखं दिसतंय की.” मुलगा तिथेच उभा होता. आजोबांना नमस्कार करून त्याने खुर्ची ओढली आणि त्यांना जोडाक्षरं शिकवायला बसला.

सहावं मशीन अजून विंडोजवरच आहे. वाचनालयाचे पंधरा वर्षांचे वार्षिक अहवाल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहेत आणि ते लिनक्सवर उघडले की अक्षरांचा चुरा दिसतो. ते सगळे युनिकोडमध्ये आणायचे आहेत, आणि रूपांतर झाल्यावर रफार आणि वेलांट्या हाताने तपासाव्या लागणार आहेत. तोवर त्या मशीनची नेटची वायर काढून ठेवली आहे. २००९-१०चा अहवाल झाला, काल २०१०-११चा उघडला.