अंगणातला सांबार

विदर्भात सांबार (म्हणजे कोथिंबीर) पेरायचा तर दसऱ्यानंतर. उन्हाळ्यात उगवण कमी होते, आणि जो उगवतो तो पानं धरायच्या आधीच फुलावर जातो. मग पाणी वाढवूनही उपयोग नाही.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ओली असली की चिकटते, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. काळी माती, रेती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत सारखं घ्या. तेलाचा जुना पिपा आडवा कापला तरी चालतो, पण बुडाला पाच-सहा छिद्रं हवीतच.

धने भाजलेले नकोत. पाट्यावर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा. प्रत्येक फाकेत एक बी असतं. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर उकरून पाहू नये! रोपं बुडाशी काळी पडून लोळली तर पाणी जास्त झालंय. दाट रोपं उपटून भाजीत टाका. दुसरीकडे लावायला जाऊ नका, सोटमूळ दुखावतं.

साधारण चाळीस दिवसांनी बाहेरची पानं खुडा, मधला कोंब राहू द्या.

पुदिन्याला मात्र वेगळी कुंडी द्या. तो शेजाऱ्याला जगू देत नाही.