तुम्ही विचारलंत म्हणून: संस्कृत सगळ्यांची आई का?

भाषांचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो: "संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची आई ना?" नाही. बहीण. असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो आणि मला वाईट वाटतं, कारण संस्कृतवर माझाही फार जीव आहे. पण मला हे पटवलं ते संस्कृतच्याच एका शब्दाने. चक्र.

ग्रीकमध्ये हाच शब्द कुक्लोस. तिथे दोन्ही ठिकाणी क, आपल्याकडे आधी च आणि मग क. असं का? शाळेत पाठ केलेलं 'चकार' (त्याने केलं) आठवा. कृ धातूचं द्वित्व, म्हणजे पहिलं अक्षर दोनदा, म्हणून खरं तर 'ककार' व्हायला हवं. तसंच गम् चं जगाम. पाणिनीने नियम नोंदवला: कुहोश्चुः, म्हणजे द्वित्वाच्या पहिल्या अक्षरात क-वर्ग आणि ह यांच्या जागी च-वर्ग येतो. कारण मात्र १८७० च्या दशकात उलगडलं. त्या पहिल्या अक्षरात मुळात अ नव्हताच, ऱ्हस्व ए होता. ए म्हणताना जीभ तालूकडे सरकते, तिने क चा च केला. पुढे संस्कृतात हा ए अ मध्ये मिसळून गेला. ग्रीक-लॅटिनने तो जपला. 'आणि' या अर्थाचा आपला 'च' लॅटिनमध्ये 'क्वे' आहे. आईने हरवलेला स्वर मुलींना नेमका त्याच जागी कसा सापडेल?

उलट भ, ध, घ सांभाळले ते संस्कृतने. ग्रीकमध्ये 'भरामि'चं 'फेरो' झालं. या सगळ्यांचं मूळ एक असावं आणि ते कदाचित आता उरलेलं नसावं, असं तिथल्या विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतंच.

मग ती मूळ भाषा कुठली? पुन्हा चक्रच बघा. इंग्रजी 'व्हील'ही त्याच मुळाचा, म्हणजे फाटाफूट होण्याआधी ती मूळ भाषा बोलणाऱ्यांना चाक ठाऊक होतं. चाकाचे सर्वांत जुने पुरावे इ.स.पू. ३५०० च्या आसपासचे. (हित्ती, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली याच कुळातली एक प्राचीन भाषा, हा फाटा आधीच वेगळा झाला असावा, तिथे चाकाला निराळाच शब्द आहे.) काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून इ.स.पू. ३००० च्या सुमारास मोठं स्थलांतर युरोपात गेलं, हे प्राचीन डीएनएवरून २०१५ मध्ये दिसलं. दक्षिण आशियात तो वंश इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान पोचला. हाडांवरून भाषा कळत नाही, पण शब्दांचा माग त्याच वाटेने जातो असं मला ठामपणे वाटतं.

आणि जीभ अजून पुढेच सरकते आहे. मराठीत 'चक्र'मधला च तालव्य, 'चाक'मधला दंत्य. सावकाश म्हणून बघा.